कोड रिव्ह्यू ठेवायचा की काढायचा: दूध संकलन प्रकल्पाच्या नोंदी

सोमवार, ९ जून २०२५

आज रेट्रोमध्ये, म्हणजे झालेल्या कामाचा आढावा घेणाऱ्या बैठकीत, टीममधल्या दोन ज्युनियरनी सरळ मागणी केली की कोड रिव्ह्यू, म्हणजे एकाने लिहिलेला कोड दुसऱ्याने वाचून मंजूर करणं, बंद करा. "काम दुपारपर्यंत उरकतं आणि पीआर आठवडाभर पडून राहतो. तोवर मेन ब्रँच पुढे गेलेली असते, मग कॉन्फ्लिक्ट सोडवत बसा." (पीआर म्हणजे पुल रिक्वेस्ट: आपला बदल मेन ब्रँचमध्ये, म्हणजे मुख्य कोडमध्ये, घ्या अशी विनंती. दोघांनी त्याच ओळी बदलल्या की कॉन्फ्लिक्ट.) रिव्ह्यूमधून व्हेरिएबलची नावं बदलण्यापलीकडे आजवर काही हाती लागलं नाही, असंही त्यातला एक जण म्हणाला.

त्यांचं म्हणणं उडवून लावण्यासारखं नाही. पीआरची यादी समोर होती आणि तिच्यात पडून राहिलेले पीआर खरोखरच बरेच होते.

आमचं काम काय आहे ते आधी लिहून ठेवतो. गावातल्या संकलन केंद्रावर सकाळ-संध्याकाळ दूध येतं. वजन होतं, फॅट आणि एसएनएफ (फॅट सोडून उरलेले घन घटक) तपासलं जातं, दरपत्रकावरून भाव निघतो, पावती छापली जाते. दर दहा दिवसांनी पशुखाद्य, उचल वगैरेची कपात होऊन उत्पादकाच्या खात्यात पैसे जमा होतात. हे सगळं सांभाळणारं सॉफ्टवेअर आम्ही नव्याने लिहितो आहोत. जुलैचं पहिलं बिल, म्हणजे १ ते १० तारखेचं, काही निवडक केंद्रांवर यातूनच निघायचं आहे. इथे हिशेब चुकला तर भुर्दंड कुणाच्या तरी घरखर्चाला बसतो. म्हणून दुसऱ्या माणसाने न वाचलेला कोड केंद्रावर जावा, हे मला पटत नाही. पण आत्ता चालला आहे तसा रिव्ह्यूही नको.

ठरलं ते असं: पहिलं बिल निघेपर्यंत रिव्ह्यूची पद्धत बदलून पाहायची, मग सगळ्यांनी बसून ठेवायचा की काढायचा ते ठरवायचं. नोंदी मी ठेवायच्या.

मंगळवार, १० जून

जुने पीआर उघडून त्यांतल्या कमेंट वाचल्या. इथे एक ओळ रिकामी सोडा. कंस पुढच्या ओळीवर घ्या. नाव स्पष्ट नाही. एका ठिकाणी तर कॉमेंटमधल्या शुद्धलेखनावर चौघांनी लिहिलं होतं. कपातीच्या हिशेबाचा पीआर मात्र नुसत्या 'एलजीटीएम'वर, म्हणजे 'मला ठीक दिसतं' एवढ्या शेऱ्यावर, पार झालेला.

२०१३ साली मायक्रोसॉफ्टमधल्या रिव्ह्यूंचा अभ्यास अल्बर्टो बाकेली आणि ख्रिश्चन बर्ड यांनी मांडला होता. रिव्ह्यू कशासाठी, असं विचारल्यावर डेव्हलपरांचं पहिलं उत्तर होतं, बग सापडावेत म्हणून. प्रत्यक्षात बग अपेक्षेपेक्षा कमी सापडत होते. जास्त मिळत होतं ते दुसरंच: एकाची माहिती दुसऱ्याकडे जाणं, टीममध्ये काय चाललं आहे याची सगळ्यांना कल्पना असणं, त्याच कामाची आणखी एखादी वाट सुचणं. चांगल्या रिव्ह्यूसाठी सगळ्यात आधी लागतं ते त्या कोडचं आणि बदलामागच्या कारणाचं आकलन, असाही त्यांचा निष्कर्ष होता. आमच्या कमेंट वाचून तेच दिसतं. ज्याला कपातीचा व्यवहार माहीत नाही, तो मोकळ्या ओळींवरच बोलणार. त्याला तेवढंच दिसतं.

पहिला बदल आजच केला. फॉरमॅटर आणि लिंटर, म्हणजे कोडची मांडणी आणि साध्या चुका आपोआप तपासणारी साधनं, बिल्डमध्ये टाकले. मशीन जे सांगू शकतं ते माणसाने पीआरमध्ये लिहायचं नाही. मांडणीवर वाद असेल तर तो लिंटरच्या सेटिंगवर एकदाच घालायचा.

गुरुवार, १२ जून

वाट पाहण्याची तक्रार किती जुनी आहे ते शोधत होतो. मायकेल फेगन यांनी आयबीएममधल्या तपासणीची पद्धत १९७६ मध्ये छापली. तिच्यात संचालक, डिझाइन करणारा, कोड लिहिणारा आणि टेस्टर अशा ठरलेल्या भूमिका, आधी प्रत्येकाने वाचून येणं, मग बैठक, दुरुस्ती आणि दुरुस्तीची पडताळणी असा शिस्तीचा क्रम होता. मशीनचा वेळ महाग होता. टेस्टिंगपर्यंत पोचलेली चूक दुरुस्त करायला कितीतरी पट मेहनत पडायची. त्या काळी हा खटाटोप परवडत होता.

पुढे १९९३ मध्ये बेल लॅब्समधल्या लॉरेन्स व्होटा यांनी थेट प्रश्न विचारला की प्रत्येक तपासणीला बैठक हवीच का? सगळ्यांना एकाच वेळी एकत्र आणायचं म्हणून कामं खोळंबत होती. आणि बहुतेक दोष लोक आपापलं वाचतानाच शोधून येत होते, बैठकीत नव्याने फारच थोडे सापडत होते. आज कुणी कोडसाठी बैठक बोलावत नाही. तरी खोळंबा आहेच, कारण वाचणारा मोकळा होईपर्यंत पीआर थांबतो. रिव्ह्यूमुळे काम अडतं असं म्हटलं जातं, तेव्हा बहुतेक वेळा वाचनाला लागलेले तास कमी असतात आणि वाचन सुरू होण्याआधी गेलेले दिवस जास्त. या दोन गोष्टी वेगळ्या मोजायला हव्यात. आजपासून पीआरवर दोन वेळा टिपतो आहोत: रिव्ह्यू मागितल्याची आणि पहिलं माणूस ते वाचायला बसल्याची.

शुक्रवार, १३ जून

आकाराचा नियम. सिस्को कंपनीच्या एका प्रकल्पातले सुमारे २,५०० रिव्ह्यू तपासून २००६ मध्ये एक अभ्यास आला. त्यातली शिफारस अशी की एका वेळी २०० ते ४०० ओळींच्या वर वाचू नये आणि तास-दीड तासाच्या पुढे बसू नये, कारण त्यापुढे दोष सापडण्याचं प्रमाण घसरतं. हा अभ्यास रिव्ह्यूचं साधन विकणाऱ्या कंपनीने केलेला आहे, तेव्हा आकडा दगडावरची रेघ मानायचं कारण नाही. पण दिशा खरी वाटते. आमच्याकडचे सगळ्यात मोठे पीआर सगळ्यात कमी वेळात मंजूर झालेले आहेत. हजारो ओळी समोर आल्या की माणूस चाळतो आणि बटण दाबतो.

नियम केला: ४०० ओळींच्या वर जायचं तर कारण लिहायचं. आपोआप तयार होणाऱ्या फाइल यात धरायच्या नाहीत.

यावर लगेच प्रश्न आला की ऑफलाइन सिंकचं (नेटवर्क नसताना साठलेल्या पावत्या नंतर सर्व्हरला पाठवण्याचं) काम तोडायचं कसं, ते तर एकसंध आहे. तासभर फळ्यापुढे बसलो. आधी फक्त पावती साठवण्याचा टेबल, मग रांगेत टाकणं, मग पाठवणं, मग चुकलं तर पुन्हा पाठवणं. प्रत्येक तुकडा एकटा मर्ज होऊ शकतो, म्हणजे मुख्य कोडमध्ये जाऊ शकतो, शेवटचा तुकडा येईपर्यंत ते फीचर बंद ठेवलं की झालं. तोडून लिहिणं हे वेगळं कौशल्य आहे आणि ते शिकवावं लागतं. ज्युनियरना नुसता नियम सांगून ते येणार नाही.

मंगळवार, १७ जून

आजची नोंद लांबेल.

दर काढण्याचा पीआर आला. नियम साधा आहे. गाईच्या दुधाला ३.५ फॅटवर मूळ दर, आणि त्याच्या वर प्रत्येक ०.१ ला, केंद्रावर ज्याला पॉइंट म्हणतात, ठरलेले पैसे वाढीव. कोडही तसाच साधा होता: आलेल्या फॅटमधून ३.५ वजा करा, ०.१ ने भागा, पूर्णांक तेवढा घ्या, तितके पॉइंट. टेस्ट लिहिलेल्या होत्या. ३.५, ३.६, ३.७ आणि ४.० या चारही फॅटला उत्तर बरोबर. लिंटर गप्प. ओळी साठच्या आसपास, वाचायला स्वच्छ.

रिव्ह्यू ज्याच्याकडे होता त्याच्या घरी फलटणजवळ गाई आहेत. त्याने कोडवर काहीच लिहिलं नाही, एक प्रश्न टाकला: "आमच्या घरच्या पावतीवर बहुतेक वेळा फॅट ३.८ असतं. ३.८ ला किती पॉइंट येतात?"

लिहिणाऱ्याने चालवून पाहिलं. उत्तर आलं दोन. यायला हवेत तीन.

मग सगळेच त्या स्क्रीनभोवती जमलो. कारण असं की संगणक हा आकडा द्विमान (फक्त ० आणि १ च्या) पद्धतीत साठवतो आणि त्या पद्धतीत ३.८ तंतोतंत बसत नाही, किंचित कमी साठतो. त्यातून ३.५ गेले की ०.३ ऐवजी ०.२९९९९९९९९९९९९९९८ उरतात. त्याला ०.१ ने भागलं की २.९९९९९९९९९९९९९९८ येतात. पूर्णांक घेतला की दोन. ३.९ ला, ४.१ ला आणि ४.३ ला हेच होतं. ३.६, ३.७, ४.० आणि ४.२ ला होत नाही, कारण ते आकडे एकतर तंतोतंत बसतात किंवा किंचित जास्त साठतात. टेस्टसाठी निवडलेले चारही आकडे नेमके पार होणारे निघाले.

याचे पैसे करून पाहिले. पॉइंटला ३० पैसे धरा. एका पाळीला १२ लिटर दूध घालणाऱ्याचे ३ रुपये ६० पैसे जातात. दहा दिवसांच्या वीस पाळ्यांचे ७२ रुपये. एवढ्या रकमेसाठी कुणी भांडायला येत नाही, म्हणून असा बग वर्षानुवर्षं टिकू शकतो. आणि तो नेहमी उत्पादकाच्याच विरुद्ध जातो, कारण चूक होते तेव्हा पॉइंट कमीच होतो, वाढत कधीच नाही.

दुरुस्ती: फॅट कुठेही दशांशात ठेवायचं नाही. तपासणी यंत्राकडून मजकूर म्हणून येणाऱ्या ३.८ चा थेट ३८ हा पूर्णांक करायचा, पैसेही पैशांतच ठेवायचे, रुपये फक्त पावतीवर. ३.५ पासून ६.० पर्यंतच्या प्रत्येक पॉइंटची टेस्ट लिहिली. यंत्राने दोन दशांश दिले, म्हणजे ३.८५, तर खाली धरायचं की वर, हा पुढचा प्रश्नही याच रिव्ह्यूतून निघाला. तो आमच्या हातातला नाही. डेअरीला पत्र गेलं आहे.

रिव्ह्यू का हवा, याला माझ्याकडे यापेक्षा चांगलं उत्तर नाही. लिहिणाऱ्याच्या टेस्ट त्याच्याच डोक्यातून आलेल्या असतात, त्यामुळे त्याच्या नजरेतून जे सुटलं ते टेस्टमधूनही सुटतं. दुसरा माणूस वेगळ्या जागेवरून येतो. इथे तो घरच्या पावतीवरून आला. त्याला फ्लोटिंग पॉइंटचं (संगणक दशांश आकडे साठवतो त्याचं) गणित सुचलं म्हणून बग सापडला असं झालेलं नाही, त्याला ३.८ हा रोजचा आकडा ठाऊक होता.

शुक्रवार, २० जून

पालख्या आज पुण्यात. रस्ते बंद, सगळे घरून काम करताहेत, दोघे दर्शनाला गेले. तीन पीआर सकाळपासून तसेच.

त्यातून एक गोष्ट ठरली. सकाळी स्वतःचं काम उघडण्याआधी आणि जेवण झाल्यावर, अशा दोन वेळी दुसऱ्याचं वाचायचं. मधल्या वेळात कुणी कुणाला मेसेज टाकून उठवायचं नाही. रिव्ह्यू मागणाऱ्याला निदान कळतं की उत्तर कधी येईल, आणि वाचणाऱ्याची तंद्री मोडत नाही. गूगलने २०१८ मध्ये स्वतःच्या पद्धतीबद्दल जे छापलं त्यात रिव्ह्यू पूर्ण व्हायला लागणारी मध्यक वेळ (निम्मे रिव्ह्यू जिच्या आत संपतात ती) चार तासांच्या आत होती, आणि बहुतेक बदलांना एकच रिव्ह्यूअर होता. आमच्याकडे दोघांची सक्ती होती. ती आजपासून फक्त पैशांच्या हिशेबाला. बाकी सगळ्याला एक माणूस पुरे. दोघे नेमले की प्रत्येकाला वाटतं दुसरा नीट वाचेल.

मंगळवार, २४ जून

आज एक अवघड प्रसंग. टीममध्ये नव्याने आलेल्या मुलीने बिलातल्या कपातीचा पीआर टाकला होता. त्यावर आमच्यातल्या अनुभवी सहकाऱ्याची कमेंट आली: "हे चुकीचं आहे. कपातीचं लॉजिक इथे का टाकलंय?" तिने लगेच सगळं पुसून दुसरीकडे हलवलं. का चुकीचं, हे तिला कळलं नव्हतं आणि तिने विचारलंही नाही. दुपारी चहाला विचारलं तर म्हणाली, "सरांनी सांगितलं म्हणून बदललं."

कोड सुधारला असेल, पण तिला काही मिळालं नाही. असे चार प्रसंग झाले की माणूस मंजूर होईल असा कोड लिहायला लागतो आणि विचारणं सोडतो. रिव्ह्यूचं हे नुकसान कुठल्याच आलेखात दिसत नाही. माझ्या मते ते वाट पाहण्यातल्या नुकसानीपेक्षा मोठं आहे.

त्या सहकाऱ्याशी बोललो. त्याचा मुद्दा शंभर टक्के बरोबर होता. त्याने स्वतःच कमेंट पुन्हा लिहिली: "कपात इथे झाली तर उचल बिलापेक्षा जास्त असताना रक्कम उणे जाईल. दूध १,२०० रुपयांचं आणि उचल १,५०० ची असेल तर उत्पादकाला काय दिसायला हवं?"

तिने तासाभरात उत्तर दिलं. देय रक्कम शून्य दाखवायची, ३०० रुपये मागील बाकी म्हणून पुढच्या बिलात ओढायचे, आणि पावतीवर ते छापायचे, नाहीतर माणूस पैसे का आले नाहीत म्हणून केंद्रावर येईल. शेवटचा भाग आमच्यापैकी कुणाच्याच मनात नव्हता. तो आता कामात घेतला आहे.

नियम म्हणून दोनच गोष्टी लिहिल्या. प्रत्येक कमेंटच्या सुरुवातीला ती अडवणारी आहे की सुचवणारी, ते लिहायचं. अडवायचं असेल तर एक उदाहरण द्यायचं, शक्यतो रुपयांतलं. सुचवणारी कमेंट लिहिणाऱ्याने मानली नाही तरी मर्ज थांबणार नाही.

शुक्रवार, २७ जून

रिव्ह्यूतून निसटलेलं आज सापडलं.

गावात नेटवर्क जातं. तेव्हा पावत्या केंद्रावरच्या मशीनमध्ये साठतात आणि नेटवर्क आलं की सर्व्हरकडे जातात. पाठवण्याचा तुकडा लहान होता, नीट वाचला गेला, टेस्ट हिरव्या. आज टेस्टिंगला बसलेल्या सहकारी ताईंनी पाठवणं सुरू असताना मध्येच नेटवर्क तोडलं. सर्व्हरला पावती मिळाली होती, पण 'मिळाली' हा निरोप परत पोचला नाही. मशीनने तीच पावती पुन्हा पाठवली. एकाच दुधाच्या दोन नोंदी, दुप्पट पैसे.

कोडची प्रत्येक ओळ बरोबर होती. जी ओळ असायला हवी होती ती नव्हती. पावतीला केंद्रावरच एक कायमचा क्रमांक द्यायचा आणि तो क्रमांक आधीच आलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता 'मिळाली' एवढंच म्हणायचं, हे कुणाला सुचलं नाही.

वाचणाऱ्याची नजर लिहिलेल्यावर जाते. न लिहिलेलं दिसायला वेगळी नजर लागते. इंटरनेटवरची देवाणघेवाण सुरक्षित ठेवणाऱ्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरमधला हार्टब्लीड हा बग याच जातीचा. तो बदल २०११ च्या अखेरीस रिव्ह्यू होऊनच कोडमध्ये गेला, मार्च २०१२ मध्ये १.०.१ या आवृत्तीतून जगभर पसरला आणि एप्रिल २०१४ मध्ये उघड झाला. समोरच्याने सांगितलेली लांबी आणि त्याने खरोखर पाठवलेला मजकूर यांचा मेळ तपासणारी एक अट तिथे नव्हती. त्यामुळे एका विनंतीला सर्व्हरच्या मेमरीतला ६४ किलोबाइटपर्यंतचा भाग बाहेर जाऊ शकत होता, त्यात पासवर्ड, किल्ल्या काहीही. रिव्ह्यू झाला म्हणजे कोड निर्धोक झाला, असं म्हणणाऱ्याने हे प्रकरण वाचावं. रिव्ह्यू निरुपयोगी आहे म्हणणाऱ्यानेही वाचावं, कारण तो बदल वाचणारा एकच माणूस होता आणि सगळं जग वापरतं ते सॉफ्टवेअर सांभाळायला मूठभर माणसं होती.

आमच्यासाठी बदल: पीआरच्या वर्णनात लिहिणाऱ्याने 'हे कुठे मोडू शकतं' याबद्दल तीन-चार ओळी लिहायच्या. वाचणाऱ्याने आधी त्या ओळी, मग टेस्ट, आणि शेवटी कोड असं वाचायचं. नेटवर्क, वीज, घड्याळ आणि दोनदा दाबलेलं बटण या चौघांची नावं त्यात आलीच पाहिजेत.

सोमवार, ३० जून

उद्यापासून डेअरीचा नवा दर लागू. दरपत्रकाची फाइल एक जण तयार करतो आणि सर्व्हरवर चढवतो. कोड नाही म्हणून तिला रिव्ह्यू नव्हता. मी विचारलं की साठ ओळींच्या कोडला आपण दोन माणसं लावतो आणि ज्या फाइलवर सगळ्यांचं बिल उभं आहे ती एकटा माणूस चढवतो, हे कसं?

अमेरिकेतल्या नाइट कॅपिटल या शेअर दलालीच्या कंपनीने १ ऑगस्ट २०१२ ला पाऊण तासात ४६ कोटी डॉलरहून जास्त गमावले. नवा कोड आठ सर्व्हरवर टाकायचा होता, एकावर टाकायचा राहिला, आणि तिथला जुना, वापरात नसलेला भाग जागा होऊन धडाधड व्यवहार करत सुटला. तिथल्या भांडवली बाजाराच्या नियामकाने नंतरच्या आदेशात नोंदवलं की हे काम दुसऱ्या कुणी तपासलं नव्हतं आणि तसं तपासायला सांगणारी लेखी पद्धतही कंपनीत नव्हती.

आता दरपत्रक पीआर म्हणूनच येतं. वाचणाऱ्याने डेअरीचं परिपत्रक शेजारी ठेवून कुठलेही पाच आकडे हाताने पडताळायचे आणि ते कोणते, ते लिहायचं. आजच्या फाइलला वीस मिनिटं लागली. बरोबर होती.

बुधवार, २ जुलै

डेअरीच्या आयटी विभागाचं म्हणणं आलं: प्रत्येक बदलाला त्यांच्या मंजुरी समितीची सही हवी, समिती आठवड्यातून एकदा बसेल. मी विरोध कळवला. निकोल फोर्सग्रेन, जेझ हंबल आणि जीन किम यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात टीमबाहेरच्या मंजुरीने काम मंदावताना दिसलं, बिघाड कमी होताना दिसले नाहीत. ज्यांनी कोड उघडलेला नाही त्यांची सही घेऊन चूक थांबत नाही. दरपत्रक आणि कपातीचे नियम यांवर मात्र त्यांची माणसं हवीतच. तिथे जाणकार ते आहेत. एवढ्यावर तडजोड होईलसं वाटतं.

शुक्रवार, ४ जुलै

एका पीआरवर या आठवड्यात प्रचंड वाद झाला. बिलाचा हिशेब रोज थोडाथोडा करत जायचा की दहाव्या दिवशी एकदम? लिहिणाऱ्याने एकदमचा मार्ग घेऊन काम संपवलं होतं. वाचणाऱ्याला रोजचा मार्ग हवा होता. कमेंट वाढत गेल्या, दोघेही तापले, काम अडलं.

इथे रिव्ह्यूने नुकसानच केलं, आणि रिव्ह्यूविरोधात बोलणाऱ्यांनी हे उदाहरण माझ्यासमोर ठेवलं. बरोबर ठेवलं. डिझाइनचा वाद कोड लिहून झाल्यावर उकरणं म्हणजे भिंत उभी राहिल्यावर पाया कुठे हवा ते सांगणं. लिहिणाऱ्याची मेहनत पणाला लागलेली असते, तो मान्य तरी कसा करणार?

दोन दिवसांहून मोठं वाटणारं काम आता आधी एका पानावर लिहायचं आणि ज्याने रिव्ह्यू करायचा त्यालाच ते सुरुवातीला दाखवायचं. पीआरमध्ये नंतर मार्गावर हरकत घ्यायची नाही, बिल चुकत असेल तरच. हा वाद मात्र अर्ध्या तासाच्या फोनवर मिटला. एकदमचा हिशेब राहिला, कारण दहा दिवसांत मागची पावती दुरुस्त होऊ शकते.

सोमवार, ७ जुलै

वेळेच्या नोंदी पाहिल्या. पहिलं वाचन आता बहुतेक त्याच दिवशी होतं. वाचायला लागणारा वेळ फारसा बदललेला नाही, थोडा वाढलाच असेल. पडून राहिलेले आहेत ते मोठे पीआर. रात्री उशिरा केलेल्या दुरुस्त्या दोघांनी एकत्र बसून लिहिल्या असतील तर वेगळा रिव्ह्यू मागायचा नाही, एवढी भर घातली. चार डोळ्यांनी लिहिलेलं पुन्हा दोन डोळ्यांना दाखवायला थांबायची गरज नाही.

शुक्रवार, ११ जुलै

पहिलं बिल काल रात्री निघालं. आज सकाळी एका केंद्रावर गेलो होतो. तिथले सचिव आण्णा स्वतःचं रजिस्टर ठेवतात, हाताने बेरजा करतात. त्यांनी चष्मा लावून एकेक सभासदाची रक्कम जुळवली. मी शेजारी बसून होतो. पैसे जुळले. ३.८ आणि ४.१ च्या पावत्या मी मुद्दाम शोधून पाहिल्या, पॉइंट बरोबर. दुबार नोंद एकही नाही, आणि या दहा दिवसांत तिथे नेटवर्क बऱ्याचदा गेलं होतं.

एक तक्रार आली. १० तारखेच्या संध्याकाळी दिलेल्या पशुखाद्याच्या दोन पोत्यांची कपात पुढच्या बिलात गेली. आमच्या नियमाने बरोबर, कारण त्या बिलाच्या कपाती तोवर धरून झाल्या होत्या. आण्णा म्हणाले, "तसं नका करू. पोतं ज्या बिलात दिलं त्याच बिलात कापायचं असतं. पुढच्या बिलाला माणूस विसरतो आन् मग भांडण लागतं." हे आमच्यातल्या कुठल्याच रिव्ह्यूअरला सापडणं शक्य नव्हतं. त्यासाठी केंद्रावरच बसावं लागतं.

दुपारी सगळे बसलो. रिव्ह्यू राहणार, हे एकमताने झालं. मजकूर, भाषांतरं आणि पडद्यावरचे रंग यांतले बदल आधी मर्ज करायचे आणि नंतर वाचायचे, हा ज्युनियरांचा आग्रह मान्य केला. योग्य आहे, त्यात कुणाचे पैसे अडकलेले नाहीत. हिशेब, कपात, सिंक आणि दरपत्रक यांना सूट नाही, घाई असली तरी नाही. रिव्ह्यूला लागणारा वेळ प्रत्येकाच्या कामाच्या अंदाजात धरायचा, यावर मी अडून बसलो आणि ते मंजूर झालं. आजवर तो वेळ कुणाच्याच खात्यात नव्हता, म्हणून वाचणारा स्वतःचं काम आधी उरकायचा आणि दुसऱ्याचं शेवटी.

सोमवारी म्हशीच्या दुधाचं दरपत्रक येतं आहे. मूळ फॅट ६.० आणि एसएनएफ ९.०. रिव्ह्यू टेस्टिंगच्या ताईंकडे दिला आहे. त्यांनी एक पानी आराखडा वाचून आत्ताच विचारलं आहे की फॅट ६.० च्या खाली आलं तर पॉइंटमागे किती कापायचं आणि कुठपर्यंत. डेअरीच्या परिपत्रकात वरचा दर आहे, खालचा नाही. उत्तर येईपर्यंत त्या भागाचा कोड सुरू करायचा नाही.